प्लेटमागे नऊशे

मास्तरांच्या स्टुडिओतली एक खिडकी बाहेर उघडत नव्हती, स्वयंपाकघरात उघडत होती. हातभर रुंद, लाकडी फळीचं झाकण असलेली. आतून झाकण दोनदा वाजलं की मास्तर म्हणायचे, "आली," आणि मी पुढे होऊन प्लेट घ्यायची. झाकणामागे दोन हात दिसायचे, कोपरापर्यंत. एकात प्लेट, दुसऱ्यात ओलं फडकं, काठावर काही ओघळलं असेल तर पुसायला. ते हात काकूंचे, मास्तरांच्या बायकोचे. नऊ वर्षं मी त्या हातांतून प्लेटा घेतल्या.

मास्तर खाण्याच्या पदार्थांचे फोटो काढायचे. हॉटेलांची मेनूकार्डं, बेकऱ्यांची पत्रकं, सूपच्या पाकिटांवरची चित्रं. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण समोरच्याची एखादी चूक काढल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझ्यावर त्यांचा जीव होता. जीव होता म्हणजे माझ्या चुका ते सगळ्यांत जास्त काढायचे.

त्या कामाची रीत अशी, की प्रत्येक पदार्थाच्या निदान दोन प्लेटा लागतात. पहिली खोटी. ती समोर ठेवून दिवे लावायचे, सावल्या जमवायच्या, कॅमेऱ्याची उंची ठरवायची. यात तास जातो आणि तेवढ्यात तो पदार्थ मरतो. भात कोरडा पडतो, सूपवर साय धरते, कोशिंबिरीची पानं माना टाकतात. मग सगळं जमलं की खरी प्लेट मागवायची. ती आल्यापासून हातात चार मिनिटं. आमलेट जरा काळवंडलं, मासा उलटताना मोडला, तर पुन्हा करायचं. एका फोटोसाठी काकू एकच पदार्थ चार चार वेळा करायच्या. कोंबडी अर्धीच भाजायची, पूर्ण भाजली तर कातडी सुरकुतते. भाजी रंग उतरायच्या आत बर्फाच्या पाण्यात टाकायची. हे सगळं खिडकीच्या पलीकडे चालायचं. अलीकडे आम्ही दोघं आणि दिवे.

फोटो झाला की ते अन्न बहुतेक टाकावंच लागे. टाकताना मी मनातल्या मनात माफी मागत असे. मास्तर हसायचे. म्हणायचे, माफी माग, पण आधी प्लेट धू.

मास्तरांना काचबिंदू होता. डावा डोळा माझ्या तिथल्या सातव्या वर्षीच गेला. उजव्यातला दाब औषधाच्या थेंबांना दाद देईना, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, पण आहे तेवढं राहील, आणि फार लांबवू नका, असं ते म्हणाले. मला हे पक्कं माहीत आहे, कारण त्या दिवशी मास्तरांना दवाखान्यात मीच घेऊन गेले होते आणि डॉक्टर बोलत होते तेव्हा शेजारच्या खुर्चीत मी बसले होते. खर्च चाळीस हजार. मास्तर म्हणाले, कंपनीचं मेनूकार्डाचं काम आलं की लगेच करू. अकरा वर्षं ते काम त्यांच्याकडे येत होतं. एका कंपनीची गावभर पसरलेली खानावळवजा हॉटेलं, वर्षातून दोनदा चाळीस पदार्थांचे फोटो, प्लेटमागे अठराशे. बाकी दोन बेकऱ्या होत्या, त्यांच्यावर घराचं दूध आणि वीज भागत असेल, फार नाही.

मी बाहेर पडले ती भांडून नाही. मला अडतिसावं लागलं होतं. शेवटची दोन वर्षं कॅमेऱ्याचं बटण मीच दाबत होते, मास्तर फक्त "आता" म्हणायचे. माझा दादा रोज जेवताना विचारायचा, किती वर्षं दुसऱ्याच्या प्लेटा पुसणार. वहिनीने पुढची खोली रिकामी करून दिली. तिथली शिवणाची मशीन तिने स्वतःच्या पलंगाच्या पायथ्याशी नेली आणि म्हणाली, आता झोपेत लाथ बसली तर मशीनला बसेल, तुझ्या दादाला नाही. मास्तरांनी मला आशीर्वाद दिला. वर एवढंच म्हणाले, "पहिला दर विचार करून सांग. लोक नाव विसरतात, दर विसरत नाहीत."

मी विचार करूनच दर काढला. एका सकाळी जपाला बसले होते. मणी पुढे सरकत होते आणि डोक्यात आकडे. शेवटी माळ बाजूला ठेवली आणि कागद घेतला. मास्तरांच्या स्टुडिओत नऊ वर्षांत जे जे पाहिलं ते सगळं लिहून काढलं. कॅमेऱ्याचा हप्ता, दिवे, वीज, पांढरे पुठ्ठे, प्लेटा, फुटलेल्या प्लेटा, टिश्यूपेपर, पाण्याचे थेंब दिसावेत म्हणून फवारायचं ग्लिसरीन, गाडीभाडं, संगणकावर बसायचे तास. दादाला खोलीचं भाडं म्हणून थोडे. माझी मजुरी. चाळीस प्लेटांनी भागलं, आणि आकडा आला चौदाशे. मला वाटलं, मास्तर अठराशे घेतात म्हणजे चारशे त्यांच्या नावाचे. माझं अजून नाव नाही, तेव्हा चौदाशे ठीक.

महिन्याभरात कंपनीच्या साहेबांचा फोन आला. हे साहेब भर उन्हाळ्यातही टाय लावायचे, म्हणून मास्तर त्यांना टायवाले म्हणत. टायवाले म्हणाले, स्वतःचं सुरू केलंत म्हणे, छान केलंत, मास्तरांचं आता वय झालं, मागच्या खेपेला दोन फोटो जरा मऊ, धूसर आले होते. ते दोन फोटो मास्तरांनी माझं न ऐकता स्वतः काढले होते. मग टायवाल्यांनी विचारलं, तुमचा दर काय?

कागदावर चौदाशे होते. तोंडातून अकराशे निघाले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढा मोठा आकडा स्वतःच्या तोंडून ऐकवेना, एवढंच कळतं. फोनवर नुसती शांतता. त्या शांततेला मी घाबरले आणि कोणी विचारलं नसताना म्हणाले, हजारही चालतील.

"नऊशे करा," ते म्हणाले. "दोन वर्षांचा करार करून टाकू. मास्तरांचं आम्ही बघतो, तुम्ही त्यांना काही बोलू नका."

मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर डॉक्टरांसमोरची ती खुर्ची आठवली. मी स्वतःची समजूत घातली, की टायवाल्यांनी काम मास्तरांकडून काढायचं आधीच ठरवलं होतं, मी नाही म्हटलं असतं तर दुसरं कोणी नऊशेत केलं असतं. हे खरंही असेल. पण तसं मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

पुढच्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, माझे दिवे कुठल्या कंपनीचे ते विचारून त्यांना नावं ठेवली. मग म्हणाले, यंदा कंपनीचा फोन आला नाही गं अजून. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय. तुला काही कळलं का?

"येईल की," मी म्हणाले. "उशीर झाला असेल."

आयुष्यात मी खोटं बोलले नाही असं नाही. पण ते दोन शब्द बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही, त्याची मला भीती वाटली.

करारावर सही केली तेव्हा पैसे काम झाल्यावर नव्वद दिवसांनी असं त्यात लिहिलं होतं. मास्तर निम्मे आधी घ्यायचे. ते कसे मिळवायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक. आधी मागायचे असतात हेच मला सुचलं नाही.

मग सामान आलं. सात खोकी, मासे आणि कोंबड्या बर्फात, आणि वर चाळीस पदार्थांच्या कृतींचा कागद. मी टायवाल्यांना फोन केला, की हे शिजवणार कोण? ते म्हणाले, मास्तरांकडे आम्ही असंच पाठवायचो, तिथे व्हायचं.

तिथे व्हायचं. खोकी समोर घेऊन मी पुढच्या खोलीत बसले आणि तेव्हा मला खिडकीचं झाकण आठवलं. माझ्या कागदावर खिडकीच्या अलीकडचं सगळं होतं, टिश्यूपेपरसुद्धा. पलीकडचं काहीच नव्हतं. नऊ वर्षांत काकूंच्या हातावर कोणी पैसे ठेवलेले मी पाहिले नव्हते. जे पाहिलं नाही ते लिहिलं नाही.

पहिल्या दिवशी मी स्वतःच करून पाहिलं. मासा तव्यावर टाकून दिव्यांकडे धावले तर मासा करपला, माशाजवळ थांबले तर खोटी प्लेट सुकून सावली बदलली. दिवसभरात एक फोटो झाला, तोही उकडलेल्या अंड्याचा. वहिनीला दया आली. दुसऱ्या दिवशी ती ओट्याशी उभी राहिली. तिच्या हाताला चव आहे, पण फोटोला चव लागत नाही. कोंबडी कच्ची काढायला तिचं मन तयार होईना. म्हणाली, आजाऱ्याला देतात तशी फिक्की काय काढायची. पाचव्यांदा आमलेट करायला सांगितलं तेव्हा तिने उलथणं ठेवलं आणि भिंतीला चिकटवलेला माझा दराचा कागद वाचायला लागली. एरवी ती मला अगं-तुगं करते. चिडली की वन्सं म्हणते.

"वन्सं, यात विजेचं बिल आहे," ती म्हणाली. "फुटलेल्या प्लेटा आहेत. मी कुठे आहे?"

मी म्हणाले, अगं तू घरची. ती म्हणाली, हो, घरची, पण फुटलेली प्लेटसुद्धा घरचीच होती. मनगटावर तेल उडालं होतं तिथे तिने थंड पाणी लावलं आणि मशीनवर जाऊन बसली. दादा घरी आल्यावर त्याला काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण.

एका हॉटेलातला आचारी बोलावून पाहिला. रोजचे अडीच हजार मागितले, आठ दिवस लागतील म्हणाला. म्हणजे चाळीस प्लेटांच्या छत्तीस हजारांतले वीस त्याचे. तेही देईन म्हटलं, कारण मासे शिळे होत होते. पण अर्धी कच्ची कोंबडी मागितल्यावर तो माझ्याकडे असं पाहू लागला, जशी मी कोणाला तरी आजारी पाडणार आहे. दुपारीच निघून गेला. अर्ध्या दिवसाचे बाराशे घेऊन गेला.

वहिनीची एक धरून दोनच झाल्या होत्या, अडतीस प्लेटा बाकी होत्या आणि मुदतीचे दिवस सात. काकू सकाळी कुठल्या दुकानात भाजी घेतात ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी तिथे जाऊन उभी राहिले.

काकू टोमॅटो निवडत होत्या. मला पाहून हसल्या, वाळलीस म्हणाल्या. कंपनीचं पत्र आल्याचं त्यांनीच सांगितलं. यंदा काम दुसरीकडे दिलं असं चार ओळींत कळवलं होतं. मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. मी सांगितलं, दुसरीकडे म्हणजे माझ्याकडे. दर सांगितला. खोक्यांचं सांगितलं. काकूंनी हातातला टोमॅटो सगळीकडून फिरवून पाहिला. तो चांगला होता, तरी परत ढिगात ठेवला.

"नऊशेत," त्या म्हणाल्या. "आणि करतंय कोण?"

"कोणीच नाही."

"म्हणजे तूही मला धरलं नाहीस."

दुकानदार वजन करायला थांबला होता. काकूंनी त्याला हाताने थांब म्हटलं. मग मला विचारलं, मला काय देशील. मी म्हणाले, प्लेटमागे दोनशे. त्याहून जास्त देता येत नव्हते, आणि तेही कंपनीने दिल्यावर, नव्वद दिवसांनी. हे सांगताना मी खाली पायांकडे पाहत होते. काकू म्हणाल्या, त्यांनी मला काहीच दिलं नाही, त्या मानाने तू श्रीमंतच म्हणायची. त्यांचा हा विनोद होता. मास्तरांना काय सांगाल, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, खोटं कशाला सांगू, एका घरी स्वयंपाकाला जाते म्हणून सांगेन, तेच तर करणार आहे.

काकू सात दिवस आल्या. माझ्या घराला तशी खिडकी नाही. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये नुसता पडदा, तोही वहिनीने धुवायला काढलेला. त्यामुळे खरी प्लेट घेऊन काकू थेट दिव्यांपाशी यायच्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणाले, बघा तरी कॅमेऱ्यातून. त्यांनी पदराने हात पुसले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. एकतीस वर्षं त्यांनी हे पदार्थ केले होते, पण दिव्याखाली ठेवल्यावर ते कसे दिसतात ते कधी पाहिलं नव्हतं. छापलेली कार्डं घरी यायची तेवढीच.

"मीठ विसरलेय, ते काही यात दिसत नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवसांत त्यांनी डोळ्याबद्दल एकदाच सांगितलं, कांदा कापताना. डॉक्टरांना तारीख पुढे ढकलायला सांगितली होती. दोन-तीन महिने थांबता येईल का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, मी थांबेन, डोळा थांबेल का ते मला सांगता येणार नाही. काकूंनी कांदा बाजूला सारला आणि दुसरा घेतला. मी दादाकडे मागते म्हणाले. त्या म्हणाल्या, दादाकडे असते तर तू अकराशे म्हणाली असतीस का. त्यांना हेही मी सांगून टाकलं होतं, सगळं. सांगितल्याने हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

फोटो चांगले आले. टायवाल्यांनी मेसेज केला, मास्तरांची उणीव भासली नाही.

कार्ड छापून झाल्यावर छपाईवाल्याने सवयीने एक मास्तरांच्या घरी पाठवलं. दोन दिवसांनी दुपारी मास्तर माझ्या दारात उभे होते. एकटे आले होते, भिंतीच्या कडेकडेने. दाराच्या चौकटीला त्यांनी आधी हात लावला, मग आत पाऊल टाकलं. नळीतून बघावं तेवढंच आता दिसतं, म्हणाले, त्यामुळे तुझी खोली मोठी आहे की लहान ते कळत नाही, कौतुक करायचं वाचलं. मी पाणी दिलं. ग्लास त्यांच्या हाताला लावावा लागला.

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. नाक टेकेल इतकं वाकून बोटाने शोधलं आणि सूपच्या फोटोवर बोट ठेवलं. सूपवर मलईची एक रेघ गोल फिरवलेली होती.

"ही रेघ उलटी फिरलीय," ते म्हणाले. "उजव्या हाताचं माणूस अशी फिरवत नाही. माझ्या घरात एकच डावरं आहे."

त्यांनी आमलेटवर बोट नेलं आणि सावली जड झालीय म्हणाले. ते बरोबर होतं. मग दर विचारला. नऊशे, मी म्हणाले. काकूंना किती, ते विचारलं. दोनशे. ते मनाशी काहीतरी हिशेब करत राहिले, आणि मी वाट पाहत होते, की आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी तुला सगळं शिकवलं, दर काढायला शिकवलं नाही," ते शेवटी म्हणाले. "मला तरी कुठे येत होता. अठराशेत ती नव्हतीच. तिला धरलं असतं तर पंचवीसशे झाले असते, आणि मग हे काम मला अकरा वर्षं काय, एक वर्षही मिळालं नसतं. तू माझ्याच दराच्या खाली गेलीस. तोच मुळात खोटा होता."

ग्लासातलं पाणी त्यांनी सगळं प्यायलं. उठताना टेबलाची कड धरली.

"डोळ्याचं तुला माहीत होतं."

हा प्रश्न नव्हता. तरी मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली, जशी माझी एखादी चूक सापडल्यावर हलवायचे, आणि बरोबर यायला नको म्हणून हात केला. मी दारात उभी राहून पाहत होते. कोपऱ्यावर एक सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्यावर ते आदळले, सायकल पडली. त्यांनी खाली बसून चाचपडत ती उभी केली, भिंतीला टेकवली आणि मग पुढे गेले. मी धावत जाऊ शकले असते.

ऑपरेशन झालं. अडीच महिन्यांनी, काकूंच्या बांगड्यांवर. डॉक्टरांनी दाब आटोक्यात आणला, त्यात त्यांची काही चूक नाही. पण तोवर जे जायचं ते गेलं होतं. मास्तरांना आता माणूस दिसत नाही, अक्षर दिसत नाही. उजेड कुठल्या बाजूने येतोय तेवढं कळतं. काकू सांगतात, खोलीत शिरल्या शिरल्या ते आधी तेच सांगतात, उजेड डावीकडून आहे, किंवा मागून आहे. कोणी विचारलेलं नसतं.

कंपनीचे पैसे नव्वदऐवजी एकशे दहा दिवसांनी आले. त्यातले काकूंचे मी त्याच दिवशी पोचवले. मास्तर आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले नाहीत आणि मी आत गेले नाही.

दुसऱ्या खेपेच्या आधी मी टायवाल्यांकडे गेले. त्यांच्या टेबलासमोर बसून सांगितलं, की माझा दर चुकला होता, त्यात स्वयंपाक धरलाच नव्हता, मला अठराशे लागतील. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मग करार काढून समोर ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते म्हणाले, बाई, दर तुम्हीच सांगितला होता, मी फक्त शंभर कमी करा म्हणालो. वरचे शंभर तुम्ही स्वतःच सोडले होते. मी म्हणाले, मग काम मास्तरांना परत द्या. ते म्हणाले, मास्तरांना दिसत नाही असं ऐकलंय. आणि त्यांनी अठराशे मागितले तरी आता इथे कोण देणार? सगळ्यांना कळलंय काम नऊशेत होतं म्हणून. परवा बेकरीवालेही विचारत होते.

चहा पिऊन मी बाहेर आले. ज्या दोन बेकऱ्या मास्तरांकडे उरल्या होत्या, त्यांतल्या एकीचा फोन त्याच संध्याकाळी मला आला. मी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणा नव्या मुलीला काम दिलं, सातशेत. ती माझ्याकडे शिकायला येऊ का म्हणून विचारून गेली होती.

सात खोकी पुन्हा आली. मी काकूंकडे जाण्याआधी काकूच माझ्याकडे आल्या. आत येऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या, गॅस नीट पेटतो का पाहिलं, सुऱ्यांची धार अंगठ्यावर पाहिली. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"यंदा सहाशे," त्या म्हणाल्या. "प्लेटमागे."

मला तीनशे उरतील, असं मी म्हणाले नाही. त्यांना ते माहीत होतं. भाव कमी करायचा माझा हक्क कुठेतरी त्या दुकानासमोरच संपला होता.

"चार वाजता मी निघणार," त्या पुढे म्हणाल्या. "संध्याकाळी ते चहा करायला म्हणून एकटेच गॅसपाशी जातात. परवा बाही पेटली होती. मग जे राहील ते दुसऱ्या दिवशी. मासे शिळे झाले तर ते तुझं आणि कंपनीचं. आणि निम्मे आधी हवेत."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती, हातात दोरा. तिने माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि मशीनवर परत गेली.

निम्मे म्हणजे बारा हजार. ते कुठून आणायचे ते मला माहीत नव्हतं. मी हो म्हणाले. काकूंनी मान डोलावली, कनवटीची पिशवी आत सारली आणि पहिल्या दिवशी कुठला पदार्थ धरायचा ते विचारलं. मासा, मी म्हणाले, तो आधी जातो. मग साडेआठला येते म्हणाल्या, आणि गेल्या.